आधी दार, मग कपाट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चार माणसं. दर जानेवारीत पहिल्या शनिवारी तुम्ही पदर खोचून आवरायला घेता. रविवारी रात्रीपर्यंत पलंगावर एवढा डोंगर साठतो की झोपायला जागा हवी म्हणून सगळं परत कपाटात कोंबलं जातं, आणि फेब्रुवारीत घर जैसे थे. यंदा तयारी म्हणून झाकणाचे २२ पारदर्शक डबे आणून ठेवलेत. यजमान प्रत्येक वस्तूला "असू दे, लागेल कधीतरी" म्हणतात. तर सुरुवात कुठून करू?

दारापासून करा.

लोकांची घरं आवरून देण्याचं काम मी १६ वर्षं करतेय, आणि दर जानेवारीला हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकते. बहुतेकांची समजूत अशी की आपल्याला काही टाकवतच नाही, आपलं मनच कच्चं. मला घरोघरी दिसतं ते निराळं. लोक निर्णय बरे घेतात. तीन पिशव्या भरतात, "ह्या द्यायच्या" म्हणून बाजूला ठेवतात, आणि त्या पिशव्या दाराआड उभ्या राहतात. बुधवारी कुणीतरी त्यात छत्री शोधतं. शनिवारी पाहुणे येणार म्हणून त्या पलंगाखाली सरकतात. महिन्याभरात त्यातलं निम्मं सामान गुपचूप आपापल्या जागी परत गेलेलं असतं. निवडण्याचं अवघड काम पार पडलं, फक्त वस्तू उंबऱ्याबाहेर पडली नाही आणि सगळं मुसळ केरात.

म्हणून कपाटाला हात लावण्याआधी एक संध्याकाळ नुसती फोनवर घालवा. वापरण्याजोगे कपडे कोण घेतं आणि कुठल्या वारी. पुस्तकं कुणाला हवीत. रद्दी, भंगार न्यायला कोण येईल. बिघडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणि बॅटऱ्या तुमच्या भागात कुठे घेतात. ही उत्तरं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि आवरण्याचा दिवस त्यावरून ठरवा. नेणारा रविवारी सकाळी येणार असेल तर कपाट शनिवारी उघडायचं, आधीच्या मंगळवारी नाही. बाहेर जाणारी पिशवी दोन रात्री घरात राहिली की ती परत घरातली होते, हा माझा ठोकताळा. (जानेवारीला ज्याच्यावरून नाव मिळालं तो रोमनांचा जेनस मुळात दारांचा देव, एक तोंड इकडे, एक तिकडे. महिना बरोबर निवडलाय तुम्ही.)

देण्याबद्दल एक कडू बोलते. कॉलर काळवंडलेला शर्ट, चेन तुटलेली बॅग, तुकडे हरवलेला खेळ हे "कुणाच्या तरी उपयोगी पडेल" म्हणून देऊ नका. घेणाऱ्या माणसाला ते पुन्हा निवडावं लागतं आणि टाकावं लागतं. आज आपण स्वतः अंगात घालून बाहेर जाऊ शकू असंच द्यायचं. बाकीच्या सुती कपड्यांची फडकी करा, पण मोजून दहा. फडक्यांनी भरलेलं बोचकं हाही पसाराच.

आता बेताबद्दल. नव्या वर्षाचा जोर खोटा नसतो. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवलं की अशा नव्या टप्प्यांवर लोक व्यायामशाळेत जास्त जातात, नवे निश्चय जास्त करतात. पण त्याच अभ्यासात तो जोर नव्या आठवड्याच्या आणि नव्या महिन्याच्या सुरुवातीलाही दिसला. तेव्हा सगळा दारूगोळा पहिल्याच शनिवारी उडवायची गरज नाही. घरातले झाडून सगळे कपडे एकदम जमिनीवर काढायची पद्धत बरीच गाजली आहे. एकट्या माणसाला, चार सुट्ट्या हाताशी असताना ती जमतेही. पण चार माणसांच्या घरात मध्येच कुणाचा तरी फोन येतो, कुणाला तरी बरं नसतं, आणि उघडलेलं घर उघडंच राहतं. मी तुम्हाला एवढंच सांगेन: जेवढं त्याच बैठकीत बंद करता येईल तेवढंच उघडायचं. सुरुवातीला एक खण. कपाट नाही, खण.

एका खणाला किती वेळ लागतो ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. एका घरी टीव्हीखालचा खण काढला होता. हातभर रुंद, वीतभर खोल. जमिनीवर जुनी चादर पसरून खण पालथा केला. निघालं ते असं: ११ किल्ल्या, त्यांतल्या चार कशाच्या ते घरात कुणालाच ठाऊक नाही. सात चार्जर आणि अडॅप्टर. दहाएक बिलं, त्यांतली निम्मी कोरी पांढरी. एक टॉर्च, आत सेल गळून पांढरी भुकटी. सुटी बटणं, बिनटोपणाची पेनं, एक मोजपट्टी, जी त्या बाई दोन वर्षं शोधत होत्या.

कोरी बिलं बघून त्यांना वाटलं कुणीतरी साधे कागदच ठेवलेत. तसं नव्हतं. थर्मल कागदावर शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेने काळा होतो आणि त्याची अक्षरं उमटतात. ऊन लागलं, गरम जागी राहिलं किंवा प्लॅस्टिकच्या काही पाकिटांत ठेवलं की ती विरून जातात. त्यांनी फ्रिजचं बिल नीट जपायचं म्हणून मुद्दाम प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं होतं. वॉरंटी शिल्लक, पुरावा कोरा. तेव्हा वस्तू घरी आली त्याच दिवशी बिलाचा फोटो काढायचा.

टॉर्चमधली भुकटी हाताने खरवडू नका. अल्कलाइन सेलमधून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दाहक असतं. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने ते टोक पुसायचं आणि नीट वाळू द्यायचं. महिनोन्‌महिने न लागणाऱ्या उपकरणातले सेल काढूनच ठेवावेत. किल्ल्या घेऊन घरभर फिरलो, दहा मिनिटांत चारपैकी दोन किल्ल्यांची कुलपं सापडली. उरलेल्या दोन पाकिटात घालून वर तारीख लिहिली. अडॅप्टरला सगळ्यात जास्त वेळ गेला. गोल पिनेचे अडॅप्टर दिसायला सारखे, पण प्रत्येकाचे व्होल्ट वेगळे, कधीकधी अधिक-उण्याची बाजूही उलटी. "बसतोय ना, लाव" म्हणून लावला तर राउटर जळू शकतो. ज्याचं उपकरण सापडलं त्याच्यावर तिथल्या तिथे चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. ज्यांचं सापडलं नाही ते तीन इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या पिशवीत गेले.

पन्नास मिनिटं. खण निम्मा रिकामा झाला. बाईंना हुरूप आला, म्हणाल्या लगेच खालचा काढू. मी नको म्हटलं. आधी पिशवी खाली पोचवून आलो. हे मी मुद्दाम करते. पहिल्या दिवशी पिशवी बाहेर गेल्याचं डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

ठेवू की नको हे ठरवताना "ही कधी लागेल का?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "लागेल" येणार. हाताशी असलेली वस्तू आपल्याला तिच्या लायकीपेक्षा जास्त मोलाची वाटते. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि विकायला सांगितलं. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना विकत घ्यायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या जवळपास दुप्पट होती. काही मिनिटांपूर्वी फुकट मिळालेला मग, तरी ही गत. मग १२ वर्षं माळ्यावर असलेल्या वस्तूचं काय होत असेल! म्हणून प्रश्न उलटा विचारा: ही वस्तू आज माझ्याकडे नसती, तर मी ती मिळवायला उठले असते का? धूळ खात पडलेल्या व्यायामाच्या सायकलीला हा प्रश्न विचारून बघा. तिच्यासाठी मोजलेले पैसे ती घरात राहिल्याने परत येत नाहीत, वर ती रोज चार फूट जागा खाते.

यजमानांचं. इथे मी तुमच्या बाजूने बोलेन अशी अपेक्षा असेल तर तुमची निराशा होईल. दुसऱ्याच्या वस्तूचा निर्णय आपण घ्यायचा नाही, नवऱ्याच्या तर नाहीच. हे मी ठेच लागून शिकले. धंद्यात नवी होते तेव्हा माहेरी गेले असताना उत्साहाच्या भरात आईचं एक कपाट आवरलं. त्यात एक छोटीशी काळी डबी होती, खाली वायर लोंबत असलेली, वर ना नाव ना गाव. बेवारस चार्जर म्हणून मी ती दिली भंगारात. ती वडिलांच्या कानाच्या यंत्राची चार्जिंगची डबी होती. दुसरी मागवून येईपर्यंत ११ दिवस ते घरात असून कुणाच्या बोलण्यात नव्हते. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. त्यानंतर मालकाला विचारल्याशिवाय मी कुणाची पेन्सिलही हलवलेली नाही.

मग करायचं काय? त्यांना जागा नेमून द्या. एक कपाट, किंवा दोन फळ्या, सर्वस्वी त्यांच्या. तिथे काय ठेवायचं ते त्यांचं राज्य. मावेनासं झालं की काय काढायचं तेही तेच ठरवतील. भांडण वस्तूवरून करू नका, जागेवरून बोला. आणि तुम्ही आधी तुमचंच आवरा, निमूटपणे. मी असे कितीतरी नवरे पाहिलेत जे तिसऱ्या आठवड्यात आपणहून विचारतात, "माझा खण कधी काढायचा?"

त्यांना हा पसारा तुमच्याइतका टोचत नसेल, तर तो निव्वळ कोडगेपणा आहे असंही समजू नका. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी २०१० साली लॉस एंजेलिसमधल्या दोघेही नोकरी करणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घराचं वर्णन "पसारा, अर्धवट कामं" अशा शब्दांत करणाऱ्या बायकांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये असं चित्र दिसलं नाही. माझ्या मते कारण साधं आहे: तो ढीग एकीला न झालेलं काम दिसतो, दुसऱ्याला नुसता ढीग.

कागदांना स्वतंत्र दिवस द्या, कपड्यांबरोबर काढू नका. डोकं वेगळं लागतं. जन्माचे दाखले, शिक्षणाची प्रमाणपत्रं, घराचे कागद कायमचे, मूळ प्रतीत. कराचे आणि बँकेचे कागद कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत. वॉरंटी संपेपर्यंत बिलं. उरलेलं जवळजवळ सगळं रद्दी. ज्यावर खातेक्रमांक किंवा सही आहे ते बारीक फाडून. फोटो काढून ठेवलेत तर ते दोन ठिकाणी ठेवा आणि फाइलच्या नावातच तारीख घाला, नाहीतर कागदाचा पसारा फोनमध्ये गेला एवढंच होईल.

कपड्यांचं मी थोडक्यात उरकते, कारण त्यात लोक स्वतःच तरबेज असतात. १ जानेवारीला सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकवा आणि घातलेला कपडा परत लावताना सुलट. जे उलटेच राहिले ते न घातलेले. पण त्यांचा निकाल सहा महिन्यांत लावू नका, सगळे ऋतू फिरून येऊ द्या. लोकरी आणि रेशमी कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच आत ठेवा. कसरीच्या अळ्या असे धागे खातात, आणि घामाचे डाग पडलेला कपडा त्यांना आधी सापडतो.

औषधांचा डबा मात्र याच महिन्यात बघा. मुदत संपलेली औषधं संडासात ओतायची नाहीत; वेष्टनावर तसं सांगितलं असेल तरच ओतायची. जिथे औषधं परत घेण्याची सोय आहे तिथे द्या, बाटलीवरचं रुग्णाचं नाव खोडून. आणि तो डबा न्हाणीघरातून हलवा; वाफ आणि दमटपणा औषधाला मानवत नाही. जुना फोन देताना आधी खात्यातून बाहेर पडायचं, मगच तो पुसायचा. क्रम चुकला तर पुढच्याला फोन कुलूपबंद मिळतो. सिम आणि मेमरी कार्ड काढलंत ना, ते पुन्हा बघा. फोनची पाठ फुगलेली दिसली तर तो चार्ज करू नका, दाबू नका, नेहमीच्या कचऱ्यात तर अजिबात नको. लिथियम बॅटरी चिरडली की पेट घेते. सुट्या लिथियम बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून संकलन केंद्रात द्या.

एवढं झाल्यावर लावालावी. कारखान्यांत '५ एस' नावाची जपानी पद्धत वापरतात, तिचे पहिले दोन शब्द सेइरी आणि सेइतोन. सेइरी म्हणजे नको ते वेगळं काढणं, सेइतोन म्हणजे उरलेल्याला जागा देणं. क्रम हाच. रोजच्या वस्तू गुडघा आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर, जड सामान खाली, हलकं आणि क्वचित लागणारं वर. उंच कपाट भिंतीला पट्टीने जखडलेलं हवं. घरात लहान मूल असेल तर हे काम बाकी सगळ्याच्या आधी. फळीचा पाचवा हिस्सा रिकामा सोडा, नाहीतर एक वस्तू काढताना तीन पडतात आणि मग कुणी परत जागेवर ठेवत नाही. वस्तू परत ठेवायला किती हालचाली लागतात ते मोजा. दार उघडा, डबा काढा, झाकण काढा, ठेवा, झाकण लावा: मुलं सोडाच, मी पण हे रोज करणार नाही. मुलांच्या दप्तराला भिंतीवर खुंटी द्या, ती त्यांच्या उंचीवर. कात्री एकच असावी असा काही नियम नाही. तीन ठिकाणी लागत असेल तर तीन ठेवा.

ठरत नसलेल्या वस्तूंसाठी त्याच कारखान्यांतली लाल चिठ्ठीची युक्ती मी घरात वापरते. शंका आहे ना, मग त्या वस्तू एका पेटीत, वर लाल चिठ्ठी, चिठ्ठीवर आजची आणि सहा महिन्यांनंतरची तारीख. पेटी एकच. भरली की दुसरी करायची नाही. मुदत संपल्यावर न उघडता देऊन टाका असं काही जण सांगतात. मी नाही सांगत. अशा एका पेटीतून मी पासपोर्ट निघालेला पाहिलाय.

आठवणींच्या वस्तू सगळ्यात शेवटी, हात सरावल्यावर. पत्रं, बाळाचं पहिलं झबलं, सासूबाईंच्या हातचं विणकाम यांना माझा "आज मिळवायला उठले असते का" हा प्रश्न लागू होत नाही, तो तिथे विचारूही नका. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो तेवढे सोडवून घ्या, तो गोंद पिवळा पडतो आणि फोटो खराब करतो. ओढू नका, दात साफ करायचा दोरा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा सरकवला की बहुतेक वेळा सुटतो. नाहीच सुटला तर आहे तिथेच त्याचा फोटो काढा.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या सामानामुळे झोपायला पलंग किंवा जायला वाट उरलेली नाही आणि एक कागद उचलला तरी त्यांचा जीव कासावीस होतो, त्यांनी माझ्यासारखीला बोलावू नये. साठवण्याचा तो विकार आहे. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी सूचीत २०१३ साली त्याची स्वतंत्र नोंद झाली. ते बाहेर गेलेत असं बघून घर साफ केलं तर विश्वास जातो आणि घर पुन्हा भरतं. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा.

राहता राहिले तुमचे २२ डबे. ते आत्ता उघडू नका. एक लाल चिठ्ठीच्या पेटीसाठी घ्या, एक दारापाशी बाहेर जाणाऱ्या सामानाला, एक कागदांना. बाकीचे १९ एकात एक घालून कोपऱ्यात राहू द्या, आणि सात-आठ खण झाले की फळीची खोली, रुंदी मोजून मगच त्यांतले किती बसतात ते बघा. झाकणं तर बहुतेकांची लागणारच नाहीत. परत करायची मुदत असेल तर मात्र आजच त्यांचं बिल शोधा, अक्षरं अजून दिसतायत तोवर.